विश्लेषण : समुद्रातील नौकेवर हुकूम कोणाचा – राज्याचा की केंद्राचा?

मासेमारीचा हंगाम सुरू झाला की सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर परराज्यातील हायस्पीड ट्रॉलरच्या घुसखोरीच्या तक्रारीही सुरू होतात. अशा प्रकरणांत वाद अखेर एका प्रश्नावर येतो. नौका १२ सागरी मैलांच्या आत होती की बाहेर? केंद्र सरकारने ४ नोव्हेंबर २०२५ रोजी अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारीसाठी नवे नियम अधिसूचित केले. त्यामुळे या रेषेच्या दोन्ही बाजूंचे कायदे समजून घेणे गरजेचे झाले आहे.

राज्याची सागरी हद्द कुठे संपते?

किनाऱ्यालगतच्या आधाररेषेपासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, देशाचा प्रादेशिक समुद्र असतो. त्यापुढे २४ सागरी मैलांपर्यंत संलग्न क्षेत्र आणि २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, अनन्य आर्थिक क्षेत्र. १९७६च्या केंद्रीय कायद्याने हे टप्पे ठरवले. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात ‘मत्स्यव्यवसाय’ हा विषय राज्य सूचीत (नोंद २१) आहे, तर प्रादेशिक समुद्रापलीकडील मासेमारी केंद्र सूचीत (नोंद ५७). त्यामुळे मासेमारीपुरता राज्याचा अधिकार १२ सागरी मैलांवर थांबतो. समुद्रतळाखालील खनिजे मात्र या १२ मैलांतही अनुच्छेद २९७ नुसार केंद्राकडेच आहेत. म्हणजे त्याच पाण्यातला मासा राज्याच्या अखत्यारीत आणि तळाखालचे तेल केंद्राच्या, अशी ही विभागणी आहे.

परराज्यातील नौकेला कोणता कायदा लागू होतो?

प्रत्येक मासेमारी नौकेच्या नोंदणी क्रमांकात ‘आयएनडी’नंतर राज्याचे संक्षिप्त नाव असते. महाराष्ट्राचे ‘एमएच’, कर्नाटकचे ‘केए’, गुजरातचे ‘जीजे’. मात्र कोणता कायदा लागू होणार हे नोंदणीवरून नव्हे, तर नौका ज्या पाण्यात मासेमारी करते त्यावरून ठरते. मलपीचा ट्रॉलर देवगडसमोर १२ मैलांच्या आत जाळे टाकत असेल, तर त्याला ‘महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१’ लागू होतो. २०२१च्या दुरुस्तीने दंडाच्या रकमा मोठ्या प्रमाणात वाढल्या. परराज्यातील नौकेने राज्याच्या हद्दीत मासेमारी केल्यास दोन ते सहा लाख, तर एलईडी दिव्यांच्या साहाय्याने मासेमारी केल्यास पाच ते २० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पूर्वी ही प्रकरणे तहसीलदारांपुढे चालत. आता ती मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडेच दिली आहेत.

मग कारवाईत अडचण कुठे येते?

पुराव्यात. राज्याच्या हद्दीतून नुसती ये-जा म्हणजे मासेमारी नव्हे. वादळात कर्नाटक आणि गुजरातच्या नौका देवगड बंदरात आसरा घेतात, त्याला कोणाचीच हरकत नसते. त्यामुळे नौका नेमकी कुठे होती आणि तेथे काय करत होती, या दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. समुद्रात रेषा आखलेली नसते. वेगवान ट्रॉलरला हद्दीबाहेर पडायला फार वेळ लागत नाही, तोवर गस्ती नौका पोहोचलेली नसते. म्हणूनच राज्याने जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनद्वारे टेहळणी सुरू केली. ड्रोनचे चित्रण दंडाच्या कारवाईत पुरावा म्हणून वापरता यावे, हा त्यामागचा हेतू आहे.

१२ मैलांपलीकडे कोणाचा कायदा?

येथे दीर्घकाळ पोकळी होती. १९८१चा केंद्रीय कायदा फक्त परदेशी नौकांच्या मासेमारीसाठी होता. देशी नौकांसाठी केंद्राचे आदेश होते. पावसाळी मासेमारी बंदीचा आदेश दरवर्षी निघतो. एलईडी दिवे आणि बुल ट्रॉलिंगवरील बंदीचा आदेश नोव्हेंबर २०१७ मध्ये निघाला. सर्वंकष नियम मात्र नव्हते. नव्या नियमांनी यांत्रिक आणि मोठ्या आकाराच्या मोटारचलित नौकांना अनन्य आर्थिक क्षेत्रात जाण्यासाठी प्रवेश पास बंधनकारक केला आहे. तो ‘रिअलक्राफ्ट’ या ऑनलाइन पोर्टलवरून विनाशुल्क मिळतो. पारंपरिक आणि छोट्या मच्छीमारांना पासची गरज नाही. एलईडी मासेमारी, पेअर ट्रॉलिंग आणि बुल ट्रॉलिंगला मनाई कायम आहे.

राज्याने बंदी घातलेले जाळे बाहेर वापरता येते का?

हा प्रश्न तमिळनाडूच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या राज्याने फेब्रुवारी २०२२ मध्ये पर्ससीन जाळ्यांवर बंदी घातली. १२ मैलांपलीकडे केंद्राची अशी बंदी नसताना राज्य आम्हाला कसे अडवते, असा पर्ससीनधारकांचा सवाल होता. न्यायालयाने २४ जानेवारी २०२३ च्या अंतरिम आदेशात मधला मार्ग काढला. नोंदणीकृत नौकांना राज्याच्या हद्दीबाहेर पर्ससीन वापरता येईल, पण फक्त सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी आठ ते सायंकाळी सहा या वेळेत आणि नौकेवर स्थान सांगणारी यंत्रणा बसवून. पारंपरिक मच्छीमारांना भीती आहे ती अशा सवलतीच्या आडून आतल्या पाण्यात जाळी पडण्याची. महाराष्ट्रातही २०१६ पासून पर्ससीनवर निर्बंध आहेत. त्यामुळे रापण आणि गिलनेटवर पोट असलेल्यांना हा वाद नवा नाही.

गुन्हा घडल्यास पोलीस कोणाचे?

मासेमारीचा भंग वेगळा, फौजदारी गुन्हा वेगळा. फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे २०.५ सागरी मैलांवर ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरील नौसैनिकांच्या गोळीबारात दोन भारतीय मच्छीमार मारले गेले. केरळ पोलिसांनी नौसैनिकांना अटक केली. मात्र घटना १२ मैलांबाहेर घडल्याने केरळला अधिकार नाही, केंद्राने विशेष न्यायालय स्थापावे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी दिला. पुढे आंतरराष्ट्रीय लवादाने नौसैनिकांना भारतात खटल्यापासून संरक्षण असल्याचे म्हटले आणि भारताला भरपाईचा हक्क मान्य केला. इटलीने १० कोटी रुपये दिल्यानंतर जून २०२१ मध्ये भारतातील कारवाई थांबली.

नव्या नियमांनी वाद मिटेल का?

बाहेरच्या समुद्रातील पोकळी बऱ्याच अंशी भरेल. पण किनाऱ्यावरचा छोटा मच्छीमार बाहेर जातच नाही. त्याचे नुकसान होते ते आतल्या पाण्यात. पास घेतलेली मोठी नौकाही जाता-येता राज्याच्या पाण्यातूनच जाते आणि मासळी एखाद्या राज्याच्या बंदरातच उतरवते. त्यामुळे केंद्राच्या पासची आणि नौकेच्या स्थानाची माहिती राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाला वेळेत मिळते का, तसेच महाराष्ट्रात पकडलेल्या नौकेवर तिच्या मूळ राज्यातही कारवाई होते का, यावर बरेच अवलंबून राहील. हा समन्वय झाला नाही, तर हद्दीचा वाद पुन्हा गस्ती नौका आणि ट्रॉलर यांच्यातील शर्यतीपुरताच उरेल.