घरचा डॉक्टर आणि अखेरचे दिवस

कर्करोग हाताबाहेर गेला म्हणजे मोठ्या इस्पितळांतून एक वाक्य हटकून कानीं पडतें : "आतां करण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, रोग्यास घरीं न्या." या वाक्याचा पूर्वार्ध खोटा व उत्तरार्ध अपुरा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पूर्वार्ध खोटा अशासाठीं कीं, रोग हटत नसला तरी वेदना बहुतांशीं आटोक्यांत ठेवतां येते. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८६ सालींच त्याची सोपी रीत घालून दिली : औषध शक्यतों तोंडावाटें द्यावें, वेदना उठण्याची वाट न पाहतां ठरल्या वेळीं द्यावें, आणि सौम्य औषध पुरेनासें झालें कीं मॉर्फीनपर्यंत चढत जावें. धाप, वांती, चिघळलेली जखम, निद्रानाश यांवरही उपाय आहेत. त्यांतील बहुतेकांना शस्त्रक्रियागृह लागत नाहीं. रोग्याच्या उशाशीं बसणारा जाणता डॉक्टर लागतो.

उत्तरार्ध अपुरा अशासाठीं कीं, घरीं नेल्यावर रोगी कोणाच्या हवालीं, हें कोणी सांगत नाहीं. इस्पितळानें सोडलेला आणि घरच्या डॉक्टरानें हातीं न घेतलेला असा हा मनुष्य मध्येंच लोंबकळत राहतो.

यावर घरच्या डॉक्टराचे आक्षेप ठरलेले आहेत. पहिला, हें तज्ज्ञाचें काम. तज्ज्ञाला गांठ ठाऊक असते. परंतु रात्ररात्र जागणारी सून, खर्चानें वांकलेला मुलगा, आणि रोगाचें नांव ऐकण्याची रोग्याची तयारी, हें घरच्या डॉक्टराखेरीज कोणास ठाऊक? दुसरा आक्षेप मॉर्फीनच्या व्यसनाचा. वेदनेच्या मापानें दिलेल्या औषधाचें व्यसन क्वचित् जडतें. बद्धकोष्ठ मात्र बहुधा होतें, म्हणून सोबत रेचक द्यावें लागतें. ज्या देशांत सरकारी परवान्यानें अफू पिकते, त्याच देशांत १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर रोगी मॉर्फीनवांचून तळमळले. २०१४ सालीं या बाबतींत कायदा सैल झाला. आमची भीति मात्र सैल झाली नाहीं.

तिसरा आक्षेप वेळेचा, आणि तो खरा आहे. एकटा डॉक्टर पुरा पडणार नाहीं. पण केरळानें २००८ सालीं या शुश्रूषेचें सरकारी धोरण आंखलें, आणि परिचारिका व गांवचे स्वयंसेवक घरोघर पाठवून हा भार वांटतां येतो हें दाखविलें. आमच्या मुंबईंत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून व वांद्र्याचें शांति आवेदना सदन १९८६ पासून आहे. परंतु गडचिरोलीच्या रोग्यास रोज मुंबई गांठतां येत नाहीं. त्याच्या दारीं पोंचेल तो गांवचा डॉक्टरच.

म्हणून आमची मागणी साधी आहे. इस्पितळानें रोगी सोडतांना घरच्या डॉक्टरास सविस्तर पत्र द्यावें, आणि घरच्या डॉक्टरानें न बोलावतांही आठवड्यांतून एकदां त्या घरची पायरी चढावी. मुलांच्या गोंवरापासून म्हाताऱ्यांच्या दम्यापर्यंत ज्यानें त्या घराची फी घेतली, त्यानें शेवटच्या महिन्यांत पाठ फिरविणें याला धंदा म्हणतां येईल; वैद्यकी म्हणतां येणार नाहीं.