नारळीकरांच्या कथा कथा म्हणून वाचा

साहित्य अकादमीने २०१४ साली डॉ. जयंत नारळीकरांना मराठीचा पुरस्कार दिला, तो ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रासाठी. बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे या शहरांत घडलेल्या आयुष्याचे हे पुस्तक पुरस्काराच्या योग्यतेचे आहेच. पण तोवर त्यांच्या विज्ञानकथा मराठीत येऊन चाळीस वर्षे झाली होती. ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’ ही पुस्तके वाचनालयांतून हातोहात फिरून जीर्ण झाली होती. तरीही मराठी समीक्षेने या कथांकडे पाहिले ते एका थोर शास्त्रज्ञाचा जोडउद्योग म्हणून. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यानंतरही ‘विज्ञान सोपे करून सांगणारे’ हेच विशेषण सगळीकडे वाचायला मिळाले. हे विशेषण खोटे नाही, पण कथाकार नारळीकरांवर ते अन्याय करते.

त्यांना स्वतःला काय हवे होते, हे १९७४ सालच्या एका प्रसंगातून स्वच्छ दिसते. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखक होते नारायण विनायक जगताप. कथेला पहिले बक्षीस मिळाले आणि मग उलगडा झाला की ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलट्या क्रमाने लावून जयंत विष्णु नारळीकरांनीच हे नाव तयार केले होते. परीक्षकांना अक्षर ओळखू येऊ नये म्हणून हस्तलिखित पत्नी मंगलाताईंनी उतरवून काढले होते. त्या वेळी नारळीकर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते. फ्रेड हॉईल यांच्याबरोबर मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्तामुळे त्यांचे नाव जगभर झाले होते आणि वयाच्या सव्विसाव्या वर्षी, १९६५ साली, पद्मभूषण मिळाले होते. असे नाव कथेवर असते तर बक्षीस कथेला मिळाले की नावाला, हे कधीच कळले नसते. त्यांना न्याय हवा होता तो फक्त कथेचा.

पुढे नाव उघड झाले आणि ती कसोटी पुन्हा फारशी कुणी लावलीच नाही.

दखल घेणारे मोजके होते. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी या नव्या वाटेचा गौरवाने उल्लेख केला. ‘किर्लोस्कर’चे संपादक मुकुंदराव किर्लोस्कर यांनी आणखी कथा मागितल्या. मराठीत विज्ञानकथा याआधी नव्हती असे नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला होता आणि नियतकालिकांतूनही असे लेखन तुरळक येत होते. नारळीकरांपुढे घरचाच आदर्श होता. त्यांचे गुरू हॉईल हे ‘द ब्लॅक क्लाउड’ या गाजलेल्या कादंबरीचे लेखक. मूलभूत संशोधन करणाऱ्याने गोष्ट लिहिली तर त्याचे पाणी कमी होत नाही, हे नारळीकरांनी केंब्रिजमध्ये जवळून पाहिले होते.

पण त्यांच्या कथा टिकल्या त्या खगोलशास्त्रामुळे नव्हे. ‘धूमकेतू’ घ्या. मनोज दत्ता हे हौशी आकाशनिरीक्षक, सगळ्यांचे दत्तादा. निवृत्तीनंतर घेतलेल्या दुर्बिणीचे नाव त्यांनी ठेवले आहे ‘दिव्या’. रात्र रात्र गच्चीवर तिच्यापाशी बसणाऱ्या या माणसाला एक नवा धूमकेतू सापडतो आणि त्याला त्यांचेच नाव मिळते. पत्नी इंद्राणीदेवींना मात्र त्याचा आनंद नाही, कारण धूमकेतू म्हणजे अशुभ. पुढे गणिताने कळते की तो थेट पृथ्वीवर आदळणार आहे. इंग्लंडमध्ये शास्त्रज्ञांची गुप्त बैठक भरते, अण्वस्त्रांनी त्याला मार्गावरून ढकलण्याची योजना ठरते आणि ती यशस्वी होते. इकडे घरात गुरुजी बोलावून शांतीचा यज्ञ झालेला असतो. संकट टळल्यावर घरच्यांची खात्री पटते की टळले ते यज्ञामुळेच.

कथेचे मर्म इथे आहे. धूमकेतूची कक्षा बदलता येते, घरातल्या समजुतीची कक्षा बदलत नाही. पुरावा समोर असतानाही तो जुन्याच चौकटीत कसा बसवला जातो, हे त्यांनी एका जोडप्याच्या संसारातून दाखवले. इंद्राणीदेवी मूर्ख नाहीत, प्रेमळ आहेत. त्या यज्ञ करतात त्या नवऱ्याच्या काळजीने. म्हणून तर दत्तादांची हतबलता वाचकाला बोचते.

हीच तळमळ नारळीकरांना पुढे प्रत्यक्ष प्रयोगाकडे घेऊन गेली. नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि सुधाकर कुंटे यांच्यासह त्यांनी २००८ साली फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार विद्यार्थी आणि मतिमंद मुले अशा दोन गटांतल्या २०० कुंडल्या जमवल्या. प्रत्येक ज्योतिष्याला ४० कुंडल्या देऊन कोणती कोणत्या गटातली, एवढेच विचारले. ५१ जणांनी कुंडल्या मागवल्या, २७ जणांनी उत्तरे पाठवली आणि अचूकतेचे प्रमाण निघाले साधारण ४६ टक्के. नाणे उडवून निर्णय घेतला असता तरी याहून वाईट निकाल लागला नसता. कथाकार आणि वैज्ञानिक हे नारळीकरांचे दोन वेगळे कप्पे नव्हतेच. दोघांनाही एकच प्रश्न छळत होता: सत्य समोर आल्यावर माणसे काय करतात?

‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये हाच प्रश्न इतिहासाला विचारला आहे. ट्रकच्या धडकेनंतर प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका वेगळ्याच मुंबईत जाऊन पोचतात. तिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदते आहे, कारण पानिपतावर विश्वासरावाला लागलेली गोळी या जगात चाटून गेली आणि मराठे जिंकले. गंगाधरपंत ग्रंथालयात बसून आपल्या ओळखीचा इतिहास नेमका कुठे वळला ते शोधतात. मग आझाद मैदानावरच्या व्याख्यानात अध्यक्षांची खुर्ची रिकामी दिसते आणि नऊशे नव्याण्णव सभांची अध्यक्षपदे भूषवलेल्या या गृहस्थाला राहवत नाही. ते मंचावर चढून भाषण सुरू करतात. त्या जगातली माणसे मात्र अध्यक्षीय भाषणांना कधीच कंटाळलेली आहेत. टोमॅटो आणि अंडी येतात. अनेक विश्वांची कल्पना, पुंजभौतिकीतली अनिश्चितता, हे सगळे कथेत आहे. पण मराठी मनाला दोनशे वर्षे सलणाऱ्या पराभवाचे विजयात रूपांतर करून, त्या विजयी जगात मराठी सभासंस्कृतीचाच फज्जा उडवणे ही अस्सल कथाकाराची करामत आहे. ही कथा एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात गेली आणि देशभरातल्या मुलांनी ती वाचली. मराठी कथेच्या चर्चेत मात्र तिचे नाव क्वचितच निघते.

मर्यादा नाहीत असे कुणी म्हणू नये. त्यांची अनेक पात्रे कल्पना वाहून नेण्यापुरतीच उभी राहतात, स्त्रिया बहुधा कडेला असतात आणि शेवटाकडे एखादा जाणकार येऊन सगळे समजावून सांगतो. हे दोष समीक्षेने तपशिलात मांडायला हवे होते. तसे झाले असते तर पुढच्या लेखकांना त्याचा उपयोग झाला असता. समीक्षेने कौतुकाची शाल पांघरवली आणि वाचन टाळले. २०२१ साली नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, पण संमेलन भरले तेव्हा ते ८३ वर्षांचे होते आणि प्रकृतीमुळे प्रत्यक्ष येऊही शकले नाहीत.

वाचकांशी त्यांचे नाते मात्र थेट होते. सही मागणाऱ्या मुलाला ते सांगत, पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही येईल. आयुकासारखी खगोलशास्त्राची संस्था उभारणारा संचालक खेडोपाड्यांतून आलेल्या पोस्टकार्डांना उत्तरे लिहीत असे.

आता करण्यासारखे पुष्कळ आहे. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी ‘धूमकेतू’ आणि ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथा आधुनिक मराठी कथेच्या अभ्यासात घ्याव्यात, विज्ञानसाहित्य नावाच्या वेगळ्या खोलीत बसवू नयेत. दिवाळी अंकांच्या संपादकांनी मुकुंदराव किर्लोस्करांसारखे स्वतःहून लेखक गाठावेत. विषयही जवळच आहेत. नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बीण आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची लायगो-इंडिया प्रयोगशाळा उभी राहणार आहे. ज्योतिर्लिंगाच्या गावाशेजारी अवकाश-काळाची थरथर मोजली जाईल तेव्हा शेतकऱ्याला, पुजाऱ्याला आणि पीएचडी करणाऱ्या मुलीला काय वाटेल, याची गोष्ट तिथे काम करणाऱ्या कुणीतरी मराठीतच लिहायला हवी. ती लिहायला सांगण्यासाठी संपादकांनी आत्तापासूनच फोन फिरवावेत.