पूर्ण वाक्याचा हट्ट

‘पूर्ण वाक्यात उत्तर लिहा.’ मराठीच्या पेपरात ही सूचना वाचली नाही असं कोण आहे? ‘कार्ल्याची लेणी कुठे आहेत?’ याला ‘मावळात’ एवढंच लिहिलं की अर्धा मार्क गेला. का, तर म्हणे क्रियापद नाही.

मग आधी त्या लेण्यांचेच मार्क कापा. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे प्राकृत लेख आहेत. धेनुकाकटाचा अमुक यवन, त्याचा खांब, दान. एवढाच मजकूर. क्रियापद नाही, आणि कोणाचं काही अडलं नाही.

क्रियापद गाळणं हा आळस नाही, त्याला नियम आहेत. लोणावळ्याच्या चिक्कीच्या दुकानात कान द्या. ‘दादानं चिक्की घेतली. आणि वहिनीनं?’ ‘दादाला चिक्की आवडते. आणि वहिनीला?’ दोन्ही प्रश्नांत क्रियापद नाही. मग एकीकडे ‘नं’ आणि दुसरीकडे ‘ला’ कुणी लावलं? न बोललेल्या क्रियापदानंच. ते विभक्ती ठरवतंय, म्हणजे ऐकू आलं नाही तरी वाक्यात आहे. जॉन रॉबर्ट रॉस यांनी १९६९ साली जर्मनमधल्या विभक्तींवरून असाच युक्तिवाद केला होता.

सगळ्यांना तो पटत नाही. तिकीट खिडकीवर आपण ‘दोन कामशेत’ म्हणतो. ‘द्या’ गाळलं की ‘हवीत’? इथे शब्द नव्हताच, अर्थ प्रसंगातून आला, असं दुसरा पक्ष म्हणतो. हा वाद आपल्याकडे जुना आहे. कुणी नुसतं ‘दार!’ म्हटलं तर ऐकणारा मनात ‘लाव’ हा शब्द भरतो की थेट अर्थ? कुमारिल भट्टांचे अनुयायी म्हणत शब्द, प्रभाकरांचे म्हणत अर्थ. पण वाक्य चुकलं, असं दोघांपैकी कुणीही म्हणत नव्हतं.

गंमत म्हणजे पुढच्याच तासाला इंग्रजीत ‘येस, आय डू’ला शाबासकी मिळते. तिथेही मुख्य क्रियापद गाळलेलंच असतं. इंग्रजीत गाळलं तर व्याकरण, मराठीत गाळलं तर अर्धवट?

लांब वाक्यं लिहिण्याचा सराव हवाच. तो जरूर मागा, पण सराव म्हणून मागा. बिनचूक बोलणाऱ्या मुलीला ‘तुझं मराठी अर्धवट’ असं सांगितलं, तर ती घरची भाषाच कमी दर्जाची मानायला शिकते. ‘मावळात’ला पूर्ण मार्क द्या.