पिंजऱ्यातल्या सामनची साथ

विशेष प्रतिनिधी

सामन माशाच्या उत्पादनात चिलीचा क्रमांक नॉर्वेखालोखाल लागतो. वास्तविक सामन हा तेथला मूळचा मासा नव्हेच. (आपल्या रावसला इंग्रजीत ‘इंडियन सामन’ म्हणतात, पण दोघांचे नाते केवळ नावापुरते.) उत्तर गोलार्धातून अंडी आणून चिलोए बेटाच्या परिसरातील शांत पाण्यात जाळीचे पिंजरे टाकण्यात आले आणि हा उद्योग फोफावला. जुलै २००७ मध्ये याच परिसरातील एका पिंजरा-केंद्रात ‘सामनचा संसर्गजन्य रक्तक्षय’ या रोगाचे निदान झाले. अटलांटिक सामनचे ४ लाख टनांच्या घरातील वार्षिक उत्पादन २०१० पर्यंत सव्वा लाख टनांच्या आसपास घसरले. हजारो कामगार बेकार झाले.

रोग नवा नव्हता. नॉर्वेत त्याची पहिली नोंद १९८४ची. त्याचा विषाणू इन्फ्लुएन्झाच्या कुळातला, मात्र माणसाला तो बाधत नाही. माशाच्या तांबड्या पेशी घटतात, कल्ले फिके पडतात. औषध नाही, बाधित पिंजरे रिकामे करणे एवढेच हाती उरते. चिलीतील विषाणूचे नॉर्वेतील विषाणूशी जवळचे नाते पुढे जनुकीय अभ्यासातून दिसले. तो आयात अंड्यांतून आला का, यावर मात्र वाद झाला.

विषाणू कोठूनही आलेला असो, त्याला रान मोकळे कोणी करून दिले, हा खरा प्रश्न आहे. केंद्रे एकमेकांना खेटून होती, पिंजऱ्यांत दाटी होती, वेगवेगळ्या वयाचे मासे शेजारी शेजारी वाढत होते आणि समुद्री उवांनी ते आधीच बेजार होते. एकाने पिंजरे रिकामे केले तरी शेजाऱ्याचे भरलेलेच. फेरो बेटांनी अशाच साथीनंतर एका खाडीत एकाच पिढीचे मासे ठेवून नंतर ती रिकामी सोडण्याची शिस्त लावली होती. चिलीने कायदा बदलून पट्टेवार सामूहिक विश्रांती सक्तीची केली ती २०१० मध्ये, नुकसान होऊन गेल्यावर.

भारतीय किनाऱ्याला हे अपरिचित नाही. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने पूर्व किनाऱ्यावरील कोळंबीची तळी ओस पाडली होती. आता समुद्रातील पिंजऱ्यांत जिताडा आणि कोबिया वाढवण्याला सरकारी प्रोत्साहन आहे. अनुदानाच्या अर्जांत पिंजऱ्यांची संख्या विचारली जाईलच; दोन पिंजरा-केंद्रांत अंतर किती असावे आणि ते कोणी मोजावे, हे परवाने देण्यापूर्वी ठरायला हवे.