कम्युनिटी कॉलेजांत पाऊल ठेवण्यापूर्वीं

गेल्या वर्षीं ज्येष्ठ महिन्यांत आमच्या धाकट्या बंधूंकडे कॅलिफोर्नियाहून निरोप आला, कीं त्यांचा नातू तेथील हायस्कुलांतून बारावी उत्तीर्ण झाला असून आतां तो घराजवळच्या एका कम्युनिटी कॉलेजांत जाणार आहे. निरोप ऐकून घरांत क्षणभर कोणी कांहींच बोललें नाहीं. याच संस्थेस तिकडे ज्युनिअर कॉलेज असेंहि म्हणतात हें कळल्यावर तर भावजयीनें डोळ्यांस पदर लावला. “बारावी झाल्यावर पुन्हां ज्युनिअर कॉलेज? म्हणजे पोर मागें पडलें कीं काय?” आपल्याकडे अकरावी-बारावीस ज्युनिअर कॉलेज म्हणतात, तेव्हां तिचा गैरसमज झाला यांत तिचा दोष नव्हता. दोष आमचा. आम्हीं कांहीं एक चौकशी न करतां वडीलकीच्या थाटांत त्या मुलास एक लांबलचक पत्र धाडलें. अपयशानें खचूं नये, यत्न सोडूं नये, असा सारा उपदेश त्यांत होता.

उत्तर आलें तें रोमन अक्षरांत लिहिलेल्या मराठींत, अवघ्या चार ओळींचें. “आजोबा, मी नापास झालो नाही. मला दोन युनिव्हर्सिटींत अॅडमिशन मिळाली होती. मार्चमध्ये बाबांचा जॉब गेला, म्हणून मीच हे ठरवले. सगळे माझे सांत्वन करतात, काँग्रॅट्स कोणीच म्हणत नाही.”

चाळीस वर्षें मुलांस शिकविण्यांत घालविलेल्या माणसास याहून मोठी चपराक दुसरी कोणती? पुढें कार्तिकांत आम्ही पुतण्याकडे पांच महिने राहून आलों, आणि हा विषय प्रत्यक्ष पाहून, विचारून, समजून घेतला. यंदांहि आमच्या कित्येक वाचकांचीं नातवंडें परदेशीं याच उंबरठ्यावर उभीं असतील. त्यांच्यासाठीं, व त्यांच्याहूनहि अधिक त्यांच्या वडीलमंडळींसाठीं, आम्हीं हा महिन्याचा लेख राखून ठेविला आहे.

प्रथम या संस्थेचें मूळ पाहूं. शिकागोजवळच्या जॉलिएट गांवीं १९०१ सालीं तेथील हायस्कूलचे अधिकारी जे. स्टॅन्ली ब्राउन व शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनीं अवघ्या सहा विद्यार्थ्यांनिशीं असें पहिलें सार्वजनिक विद्यालय काढलें. तें आजहि चालू आहे. पदवीच्या चार वर्षांपैकीं पहिलीं दोन वर्षें मुलानें आपल्या गांवांत राहून पुरीं करावीं व पुढील दोहोंसाठीं विद्यापीठांत जावें, ही त्यामागील कल्पना. कॅलिफोर्नियानें १९०७ सालीं तसा कायदा केला व १९१० सालीं फ्रेस्नो येथें तिकडचें पहिलें विद्यालय निघालें. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ सालीं, अध्यक्ष ट्रुमन यांनीं नेमलेल्या आयोगानें ‘कम्युनिटी कॉलेज’ हें नांव रूढ केलें. आज एकट्या कॅलिफोर्नियांत अशीं ११६ सार्वजनिक विद्यालयें आहेत. अवकाशयानाचें नेतृत्व करणारी पहिली स्त्री आयलीन कॉलिन्स हिचें महाविद्यालयीन शिक्षण न्यूयॉर्क राज्यांतील अशाच एका विद्यालयांत सुरू झालें होतें. तेव्हां ज्याची लाज वाटावी असें या वाटेंत कांहीं नाहीं, हें वडीलमंडळींनीं एकदां मनाशीं पक्कें करावें.

पैशाचा हिशेबहि उघड आहे. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशास या विद्यालयांत दर युनिटास ४६ डॉलर पडतात. वर्षास ३० युनिटें घेतलीं तर शुल्क १,३८० डॉलर होतें. तेथील युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियांत शिक्षणशुल्कच वर्षास पंधरा हजारांच्या घरांत जातें, आणि वसतिगृह व भोजन यांचा खर्च निराळा. शेवटीं मिळणारी पदवी मात्र त्याच विद्यापीठाची असते.

आतां विद्यार्थिमित्रहो, जरा कडू बोलतों. या विद्यालयाचें दार मोठें आहे. हायस्कूल उत्तीर्ण झालेल्या कोणासहि तेथें प्रवेश मिळतो. परंतु आंतला जिना अरुंद आहे. कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकांनीं २०२४ सालीं दाखवून दिलें, कीं २०१७ ते २०१९ या काळांत विद्यापीठांत जाण्याच्या हेतूनें या विद्यालयांत आलेल्यांपैकीं पांचांत सुमारें एकच विद्यार्थी चार वर्षांच्या आंत तेथपर्यंत पोंचला. उरलेल्या चौघांना बुद्धि नव्हती असें नव्हे. कोणास नोकरीनें ओढलें, कोणास घरानें. आणि पुष्कळांस वाटच ठाऊक नव्हती. आमच्या एका स्नेह्यांच्या कन्येनें दोन वर्षांत साठ युनिटें मिळविलीं, गुणहि उत्तम. परंतु तिला जो विषय घ्यावयाचा होता त्यासाठीं लागणारी गणिताची मालिका अर्धीच राहिली होती. तिचें एक वर्ष त्यांतच गेलें. म्हणून पुढील गोष्टी पहिल्या दिवसापूर्वींच ध्यानांत घ्या.

एक: मुक्काम आधीं ठरवा आणि वाट उलट्या दिशेनें आंखा. कोणत्या विद्यापीठांत कोणता विषय घ्यावयाचा तें पाहून, त्यासाठीं तुमच्या विद्यालयांतले कोणते पाठ्यक्रम धरले जातात हें तपासा. कॅलिफोर्नियांत ‘असिस्ट’ नांवाच्या सरकारी संकेतस्थळावर ही सारी जुळणी मांडलेली आहे. मन अद्याप ठरलें नसेल, तर दोन-तीन मुक्काम डोळ्यांपुढें ठेवून त्या सर्वांस लागणारे विषय आधीं घ्या. मित्र जो वर्ग घेतो तोच आपणहि घ्यावा, हा मार्ग स्नेहाचा खरा, पण पदवीचा नव्हे.

दोन: काउन्सेलरची भेट उन्हाळ्यांतच घ्या. प्रारंभींची माहितीसभा व शिक्षणाची लेखी योजना ज्यानें पुरी केली, त्या नव्या विद्यार्थ्यास वर्गनोंदणींत अग्रक्रम मिळतो. हें न करणाऱ्यास जे वर्ग हवे ते भरलेले आढळतात, आणि जे उरतात ते त्याच्या कामाचे नसतात.

तीन: गणित व इंग्रजी हे दोन विषय पहिल्याच वर्षीं घ्या. हायस्कूलच्या गुणांवरून आतां बहुतेकांस विद्यापीठांत धरल्या जाणाऱ्या वर्गांतच थेट बसवितात. त्यास भिऊन हे विषय पुढें ढकलणारा विद्यार्थी भीतीस व्याजासह परत आणतो. कठिण वाटल्यास शिकवणीची जी विनामूल्य सोय विद्यालयांत असते तिचा लाभ पहिल्या आठवड्यापासून घ्या, परीक्षेच्या आदल्या दिवशीं नव्हे.

चार: काळाचें गणित समजून घ्या. बारा युनिटें घेणारा पूर्णवेळ विद्यार्थी गणला जातो खरा. परंतु विद्यापीठांत जाण्यास साठ लागतात, आणि दोन वर्षांच्या चार सत्रांत साठ पुरीं व्हावयाचीं तर दर सत्रास पंधरा हवींत. एका युनिटामागें आठवड्यास एक तास वर्ग व दोन तास घरचा अभ्यास धरावा, म्हणजे पंधरांस पंचेचाळीस तास झाले. यावर दुकानांतली वीस-पंचवीस तासांची चाकरी जो घेईल त्यानें झोप कोठून काढणार हें आधींच सांगावें. कांहीं विद्यालयांत वर्षाचे तीन भाग करतात. तेथें साठांच्या जागीं नव्वद मोजतात आणि परीक्षा फार लवकर अंगावर येते.

पांच: विद्यापीठाचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या आरंभींच, ऑक्टोबर व नोव्हेंबर या महिन्यांत, द्यावा लागतो. तेथील सहा शाखांत कांहीं अटींवर प्रवेशाची आगाऊ हमी मिळते. तिचा अर्ज तर सप्टेंबरांतच. याचा अर्थ असा, कीं जे गुण पाहून तुमची पारख होणार ते मुख्यतः पहिल्या वर्षाचे. ‘पहिलें वर्ष जरा रुळण्यांत जाऊं द्यावें’ असें सांगणारे हितचिंतक पुष्कळ भेटतील. त्यांचें ऐकूं नका. एखादा वर्ग खरोखरच झेपत नसेल, तर तो सोडण्याची शेवटची तारीख पाहून वेळेवर सोडा. नापासाचा शेरा मात्र मागें राहतो.

सहा: प्रत्येक अध्यापक पहिल्या दिवशीं सिलॅबस देतो. तो पंचांगासारखा जपून ठेवा. त्यांतील परीक्षांच्या तारखा भिंतीवर लिहा. त्यांतच अध्यापकांच्या भेटीचे तास दिलेले असतात. आपल्या मुलांस शिक्षकाकडे आपण होऊन जाणें म्हणजे कांहीं तरी चुकलें असल्याची कबुली वाटते. वस्तुतः श्रवणानंतर मनन, व मननांत शंका उठली कीं गुरूकडे जाणें, हा आपलाच जुना क्रम आहे. शंका घेऊन आलेला विद्यार्थी कोणत्याहि शिक्षकास जड होत नाहीं, हें आम्ही स्वानुभवानें सांगतों.

सात: आर्थिक मदतीचा ‘फाफ्सा’ नामक अर्ज शुल्क थोडें असलें तरी भराच. त्यांत दोन वर्षांपूर्वींच्या करपत्रांतील उत्पन्न धरतात. मध्यंतरीं घरांतील नोकरी गेली असल्यास मदत-कार्यालयास कागदपत्रें दाखवून पुनर्विचार मागतां येतो. आमच्या पुतण्यास हें कोणीं सांगितलें नव्हतें व संकोचामुळें त्यानें विचारलेंहि नव्हतें. मुलानेंच विचारलें. हा अर्ज तेथील नागरिक व कायम रहिवासी यांच्यासाठीं आहे. ज्यांचा व्हिसा तात्पुरता आहे त्यांनीं शुल्काचा व मदतीचा नियम विद्यालयाच्या कार्यालयांतूनच समजून घ्यावा. मेजवानींत ऐकलेल्या गोष्टींवर विसंबूं नये.

आणखी एक गोष्ट. प्रत्येकानें विद्यापीठांतच गेलें पाहिजे असेंहि नाहीं. याच विद्यालयांत परिचारिकेचा अभ्यासक्रम पुरा करून नोंदणीकृत परिचारिकेची परीक्षा देतां येते. ती परीक्षा चार वर्षांची पदवी घेणारीस जी असते तीच. हाताच्या कौशल्याचे इतरहि अनेक अभ्यासक्रम तेथें आहेत. आपल्या घरांतून त्यांकडे नाक मुरडण्याची संवय आहे. ती सोडणें बरें.

आतां वडीलमंडळींस दोन शब्द. अमेरिकेच्या १९७४ च्या कायद्यान्वयें, मूल महाविद्यालयांत गेलें कीं त्याच्या गुणपत्रिकेवरचा हक्क त्याचा होतो. त्याच्या लेखी संमतीवांचून विद्यालय सामान्यतः आईबापांसहि ती दाखवीत नाहीं. हें ऐकून आमचे पुतणे संतापले होते. आम्हीं त्यांस म्हटलें, “अरे, ज्या मुलानें तुझी अडचण ओळखून आपला प्रवेश सोडला, त्याचे गुण तुला कार्यालयांतून कशाला हवेत? त्यालाच विचार, आणि विचारतांना आवाज खालीं ठेव.”

दुसरें असें, कीं या विद्यालयांपैकीं बहुतेकांस वसतिगृह नसतें. मूल घरींच राहतें. म्हणून घराला वाटतें कीं तें मोकळें आहे. भाजी आणावयास तें, धाकट्यास पोंचवावयास तें, पाहुण्यांपुढें बसावयासहि तेंच. त्याला बंद होणारें दार व एक मेज द्या, आणि अभ्यासाच्या वेळीं तें घरांत नाहींच असें समजा. त्याचे जिवलग मित्र ऑगस्ट-सप्टेंबरांत दूरदूरच्या वसतिगृहांत निघून जातात, त्या दिवसांत तें फार एकाकी असतें. आमचा नातू तेव्हां संध्याकाळीं मोटार घेऊन निघे आणि आपल्या जुन्या हायस्कूलच्या आवारांत नुसता बसून येई, असें त्याच्या आईनें आम्हांस सांगितलें. अशा वेळीं ‘अमक्याचा मुलगा बर्कलेस गेला’ हें वाक्य जेवतांना उच्चारूं नये. तें त्याला ठाऊक असतें.

त्याचें पहिलें वर्ष आतां संपत आलें आहे. गणित त्याला जड गेलें, एक वर्ग सोडावा लागला, तो उन्हाळ्यांत पुन्हां घेणार आहे. अर्ज पुढच्या हेमंतांत जाईल. निकाल काय लागेल तें आम्ही आज सांगूं शकत नाहीं. परंतु आमच्या त्या पहिल्या पत्राची भरपाई म्हणून आम्हीं तेथून निघतांना त्याच्या मेजावर दुसरें एक पत्र ठेवून आलों. त्यांत उपदेशाचें एकहि वाक्य नव्हतें. “चि. नातवास अनेक आशीर्वाद. तूं जें ठरविलेंस त्याबद्दल तुझें मनःपूर्वक अभिनंदन. हें लिहिण्यास आम्हांस फार उशीर झाला,” एवढेंच होतें. ज्या वाचकांच्या घरीं यंदां असें पत्र लिहावयाचें असेल, त्यांनीं तो उशीर करूं नये.