टेलिफोनचें गणित आणि शेजारधर्म

संभवनीयतेचें गणित म्हटलें कीं फांसे आणि पत्ते यांचींच उदाहरणें पुढें येतात. त्यामुळें हें शास्त्र जुगाऱ्यांच्याच उपयोगाचें, असा कित्येक पालकांचा समज होतो. तो दूर व्हावा, म्हणून हा अल्प प्रपंच.

अ‍ॅग्नर क्रारुप एर्लांग हे डेन्मार्क देशांत एका शाळामास्तरांच्या घरीं १८७८ सालीं जन्मले. प्रथम तेही शिक्षकच होते. १९०८ सालीं कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींत गेले. तेथें प्रश्न होता तो हा : कोण केव्हां बोलूं लागेल हें सांगतां येत नाहीं, मग तारा किती घालाव्यात? जास्त घातल्या तर खर्च वायां जातो. थोड्या घातल्या तर पुष्कळांची निराशा होते. एकाच्या मनांतलें कळलें नाहीं, तरी समुदायाच्या वागण्यास नियम असतो, हें जाणून त्यांनीं १९१७ सालीं आपलें सूत्र प्रसिद्ध केलें.

त्या सूत्राचा पडताळा पाहूं. तासाभरांत २०० जण फोन करतात आणि प्रत्येकजण सरासरी ३ मिनिटें बोलतो. एकूण बोलणें झालें ६०० मिनिटें, म्हणजे १० तास. तेव्हां १० मार्ग पुरेत, असें वाटतें. परंतु माणसें शिस्तीनें एकामागून एक येत नाहींत. म्हणून १० मार्गांवर शेंकडा २१ जणांस मार्ग मिळत नाहीं. १८ मार्ग ठेवले तर हजारांत सातांसच नकार मिळतो. आतां तेच लोक ६ मिनिटें बोलूं लागले तर? त्याच १८ मार्गांवर शेंकडा २२ जणांस नकार! बोलणें झालें दुप्पट. नकार मात्र तिसांहून अधिक पट.

२०१९ आणि २०२१ सालीं पंचगंगेचा पूर आपण पाहिला. अशा वेळीं सारा जिल्हा एकदम फोन उचलतो. ज्यांस मार्ग मिळत नाहीं ते पुनःपुन्हा प्रयत्न करतात आणि गर्दी आणखीच वाढते. आपण सुखरूप माडीवर बसून पाण्याच्या गोष्टी लांबवीत असतां, नदीकांठच्या एखाद्या गांवीं कोणी नावेसाठीं हांक मारीत असेल. ती हांक कदाचित् आपल्यामुळेंच अडेल. त्याचें तोंड आपणांस दिसत नाहीं, तरी तो आपला शेजारीच होय.

म्हणून आम्हांस वाटतें कीं हें गणित शाळेंत फांशांपुरतें न ठेवतां असल्या उदाहरणांनीं शिकवावें. मार्ग किती असावेत तें इंजिनीयर ठरवोत. बोलणें किती असावें तें मात्र आपल्याच हातीं आहे. संकटकाळीं थोडक्यांत कुशल कळवून दुसऱ्यास वाट देणें, हाही शेजारधर्मच आहे.