निसर्गदृश्य : पाहणाऱ्याची परिभाषा

इंग्रजी भाषेजवळ भूप्रदेशाच्या वर्णनाची जी विपुल शब्दसंपदा आहे ती त्या समाजाच्या सूक्ष्म निसर्गसंवेदनेची साक्ष होय, आणि मराठीत तिचे पर्याय सहजी न सापडणे हे आपल्या संवेदनेचे दारिद्र्य होय, असे एक गृहीतक आपल्या विद्यापीठीय समीक्षेत तपासल्यावाचून वावरत आले आहे. ते मुळातच चुकीचे आहे. ‘लँडस्केप’, ‘सीनरी’, ‘प्रॉस्पेक्ट’, ‘पिक्चरेस्क’ या संज्ञा जमिनीचे वर्णन करीत नाहीत. जमिनीकडे विशिष्ट ठिकाणाहून आणि विशिष्ट अधिकाराने पाहणाऱ्याचे वर्णन करतात.

‘लँडस्केप’ हा शब्द सोळाव्या-सतराव्या शतकांच्या संधिकाळात डच चित्रकारांच्या परिभाषेतून इंग्रजीत आला. ‘सीनरी’ प्रथम रंगभूमीवरचे नेपथ्य होती. डोंगर-नद्यांना हा शब्द अठराव्या शतकात लागू झाला. यावर असा आक्षेप येईल की व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच पुरावा व्युत्पत्तीत न शोधता वापरात शोधला पाहिजे.

विल्यम गिल्पिनने १७८२ साली वाय नदीच्या प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध करून ‘पिक्चरेस्क’ या संकल्पनेला लोकमान्यता मिळवून दिली. टिंटर्नच्या भग्न मठाची त्रिकोणी टोके त्याला फार नियमित वाटली. हातोड्याचे चार विचारपूर्वक घाव ती सुधारतील असे त्याने सुचविले. १७८६ च्या ग्रंथात तर त्याने स्पष्टच मांडले की नैतिक दृष्टीने उद्योगी कारागीर अधिक सुखद असला तरी चित्रदृष्टीने रेंगाळणारा खेडूतच सरस ठरतो. म्हणजे या परिभाषेत माणसाला प्रवेश आहे, पण त्याने काम करता कामा नये. या काळातील सहलकरी ‘क्लोद-आरसा’ नावाचा काळसर, किंचित बहिर्वक्र आरसा सोबत बाळगीत आणि डोंगराकडे पाठ करून त्यात डोंगराचे प्रतिबिंब पाहत. या दृष्टीवर यापेक्षा बोलके भाष्य तिच्या विरोधकालाही सुचले नसते.

ही केवळ अभिरुचीची बाब होती काय? १७६० च्या दशकात ऑक्सफर्डशायरमधील न्यूनम कोर्टने हे जुने गाव अर्ल हारकोर्टने आपल्या उद्यानाच्या रचनेसाठी हलविले. उमरावांच्या उद्यानांत ‘हा-हा’ नावाचा खंदक खणला जाई : गुरे आत येऊ नयेत, पण हवेलीच्या खिडकीतून कुंपणही दिसू नये. मालकी राहावी आणि तिची खूण मात्र दृश्यातून नाहीशी व्हावी, हेच ‘लँडस्केप’ या संज्ञेचेही कार्य आहे. १७५० ते १८५० या शतकात ब्रिटिश संसदेने सुमारे ४,००० कायदे करून सामाईक चराई आणि माळराने खासगी कुंपणांत घातली. निसर्गदृश्याची परिभाषा बहरली ती याच शतकात. एकाने दुसऱ्याला जन्म दिला असे म्हणणे सवंग ठरेल. परंतु जमिनीवरचे हक्क आणि श्रम नजरेआड करणारी भाषा त्या व्यवहाराला सोयीची होती, हे नाकारता येत नाही.

जॉन क्लेअर या शेतमजूर कवीचे उदाहरण येथे निर्णायक आहे. त्याच्या हेल्पस्टन गावाला १८०९ च्या कायद्याने कुंपण पडले. १८२० साली त्याचा पहिला संग्रह निघाला. त्याच्या शीर्षकात ‘सीनरी’ हा शब्द आहे, आणि कवीच्या गावातील बोलीशब्दांसाठी पुस्तकाच्या शेवटी शब्दार्थसूची आहे. पाहणाऱ्यांचा शब्द मुखपृष्ठावर, राबणाऱ्यांचे शब्द परिशिष्टात. इंग्रजीतही भूमीच्या दोन भाषा आहेत, आणि आपण जिला ‘इंग्रजीची समृद्धी’ म्हणतो ती त्यांपैकी एकच होय.

ऑक्सफर्डच्या बालकोशाच्या २००७ च्या आवृत्तीतून ‘एकॉर्न’, ‘ब्लूबेल’ यांसारखे शब्द गळले आणि ‘ब्लॉग’, ‘ब्रॉडबँड’ आले, तेव्हा पुढे मोठा शोक झाला. रॉबर्ट मॅक्फर्लेनने २०१५ मध्ये ‘लँडमार्क्स’ या ग्रंथात प्रादेशिक भूशब्दांच्या सूची संकलित केल्या. हे काम मोलाचे आहे. परंतु शब्द कोशातून जाण्याआधी व्यवहारातून जातो. सामाईक माळ उरला नाही तर त्याचे नाव जपणे म्हणजे पुन्हा परिशिष्टच.

आपल्या समीक्षेने यातून काय घ्यावे? एल्फिन्स्टन, लॉडविक यांच्या नावांचे ‘पॉइंट’ महाबळेश्वरी आजही आहेत. कडा स्वतःच्या जागी असतो. ‘पॉइंट’ पाहणाऱ्याच्या पायाखाली असतो. गायरान, वरकस, खाजण, पाणंद या शब्दांत पीक, पाणी, वाट आणि हक्क सामावलेले आहेत. त्यांना इंग्रजी पर्याय नाही म्हणून इंग्रजीला कोणी दरिद्री ठरवीत नाही. तरीही निसर्गकवितेचा विचार करताना आपण ‘चित्रमयता’ हाच निकष लावतो, आणि ज्या कवितेत नांगरट, दुष्काळ वा सातबारा आहे तिला ‘ग्रामीण’ या वेगळ्या दालनात बसवितो. ही विभागणी मराठी कवितेतून निपजलेली नाही. ती गिल्पिनच्या आरशातून आली आहे. तो आरसा खाली ठेवून समीक्षकाने आता डोंगराकडे तोंड केले पाहिजे.